भुईगावची घंटा सर्वांसाठी खुली

ते 'सगळं खुलं ठेवा' मला सांगूच नका. आमच्या भुईगावात चर्चच्या घंटेला मोटर लावून तिचा प्रोग्राम मीच लिहिला. वर शहाणपणा असा, की घंटा 'मेसेज बस'वर, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना निरोप धाडतात त्या सामाईक वाटेवर टाकली. म्हणजे त्याच कॉम्प्युटरवरच्या कुठल्याही प्रोग्रामने हुकूम सोडला, की ही वाजणार. परवानगी कशाला? सगळी आपलीच माणसं!

माझा मावसभाऊ सायमन त्याच कॉम्प्युटरवर चर्चच्या वाडीतल्या पंपाचा प्रोग्राम बसवत होता. त्याला बसवर माझी घंटा दिसली. गड्याने तिचा एकेक हुकूम चालवून पाहिला. त्यात मयताची घंटाही होती.

ती वाजली की आमच्याकडे लोक हातातलं काम टाकून उठतात. पास्कूबाबा बरेच दिवस आजारी, त्यामुळे कोण गेलं हे कुणी विचारलंच नाही. थेट त्यांच्या मुलांना फोन गेले. वर्षभर न फिरकलेले दोघेही बायकामुलांसकट, काळे कपडे घालून बोरिवलीहून हजर. बाबा खाटेवर बसून पेज पीत होते. भरल्या घराकडे बघून म्हणाले, "कोण गेलं रे?"

फादरांनी मला सगळ्यांसमोर झापलं. मग मी घंटा बंदोबस्तात ठेवली. यापुढे जो कुणी वाजवेल, त्याने आधी माझी परवानगी घ्यायची.

दुसऱ्याच दिवशी पहिली मागणी आली, ती पास्कूबाबांची.

"पोरा, नाताळच्या आदल्या दिवशी ती मयताची एकदा वाजवशील काय?"