दादाशिवाय छत्तीस होल

वहिनी: परत टाका.

धाकटा: वहिनी, सहा चेंडू टाकले, सहाच्या सहा बादलीत पडले. मी इथे गोल्फचा स्विंग सुधारायला आलोय.

वहिनी: माहीत आहे. सातवा टाका. आणि या वेळी हात मागे जाताना कोपर कुठे असतं, ते मला सांगा.

धाकटा: कोपर ना? थांब हं... हा बघ, गेला बाहेर.

वहिनी: का गेला?

धाकटा: तू कोपराचं विचारलंस म्हणून.

वहिनी: बरं. आता काही विचारत नाही. टाका... पडला. पंधरा पावलांवर बादली, आणि तुम्ही बोलता बोलता टाकताय. शाळेत माझी पहिलीतली पोरं हेच करतात. खांदा असा धर, मनगट तसं वळव, असं सांगत बसले, तर वर्ष संपेपर्यंत एकाचाही चेंडू भिंतीला लागायचा नाही.

धाकटा: हाताने टाकणं वेगळं गं. ही काठी... बघ, तुझ्यामुळे मीही काठी म्हणायला लागलो. हा क्लब कमरेएवढा लांब, चेंडू जमिनीवर. इथे बोटभर चुकलं की तिकडे वीस हात चुकतं. म्हणून तर दादाने सगळं लिहून दिलंय.

वहिनी: आणा ती वही. कितवी ही?

धाकटा: तिसरी.

वहिनी: "उजवा गुडघा हलू देऊ नये." "वर पोचल्यावर क्षणभर थांबावे." "डावा हात सरळ, पण ताठ नको." सरळ, पण ताठ नको. भाऊजी, एक फटका मारायला वेळ किती लागतो?

धाकटा: दीड सेकंद असेल.

वहिनी: आणि या पानावर सूचना आहेत एकवीस. तेवढ्या वेळात मला त्या वाचूनही होत नाहीत.

धाकटा: चेष्टा करू नकोस. नऊ दिवसांवर शिक्षकाची परीक्षा आलीय. एका दिवसात छत्तीस होल, म्हणजे अठराच्या दोन फेऱ्या, एकशे एकोणसाठ फटक्यांत. दोनदा आपटलोय. तिसऱ्यांदाही आपटलो तर पाच वर्षं बसू देत नाहीत, आणि दादा तर या महिनाअखेर इथल्या शिक्षकपदावरून निवृत्त होतोय. प्रमाणपत्र नसलं की क्लबवाले बाहेरून शिक्षक आणणार आणि मी आहेच वर्कशॉपमध्ये, लोकांच्या क्लबच्या मुठी बदलत.

वहिनी: हे मी रोज जेवताना ऐकते. आता ती सात नंबरची काठी उचला. चेंडू नको. तिकडे पिवळा झेंडा दिसतोय?

धाकटा: दिसतोय.

वहिनी: त्याच्याकडेच बघत राहा आणि काठी फिरवा. काठी सुटून झेंड्याच्या पायाशी जाऊन पडेल अशी फिरवा. फक्त सोडू नका.

धाकटा: चेंडूकडे न बघता?

वहिनी: चेंडू आहेच कुठे?

धाकटा: ...हं.

वहिनी: अजून एक. आवाज आला, ऐकलात? मघाशी तुम्ही मारत होतात तेव्हा असा सूं आवाज येत नव्हता. आता त्याच जागी चेंडू ठेवते. त्याच्याकडे हवं तर बघा, पण तो वाटेत आलाय एवढंच समजा. काठी जायचीय झेंड्याकडे.

धाकटा: गेला घरंगळत. सांगितलं होतं मी.

वहिनी: मारताना झेंडा कुठे होता?

धाकटा: तिथेच. कुठे जाणार?

वहिनी: तुमच्या डोक्यात कुठे होता, असं विचारतेय.

धाकटा: डोक्यात... मनगट होतं.

वहिनी: मग काठी मनगटाकडेच गेली. त्या झेंड्याची एक कड उसवलीय, दिसते? ती आत्ता कुठल्या बाजूला उडतेय, ते मला सांगा. आणि सांगता सांगता मारा. सांगून झाल्यावर नाही.

धाकटा: खुळ्यासारखं वाटतं गं.

वहिनी: इथे बघायला कोण आहे? मारा.

धाकटा: डावीकडे उडतेय... आता जरा... अरे.

वहिनी: काय झालं?

धाकटा: झेंड्याच्या जवळ पडला.

वहिनी: काय केलंत?

धाकटा: काही नाही केलं.

वहिनी: तेच पुन्हा करा.

धाकटा: हा गेला झुडपात.

वहिनी: पहिलीतल्या पोराचा चेंडू बाहेर गेला की ते काय करतं?

धाकटा: दुसरा उचलतं.

वहिनी: तेही त्याला कोणी शिकवलेलं नसतं. मी या घरात आले तेव्हा तुम्ही बारा वर्षांचे होतात. मागच्या गल्लीत दगड मारून रिकामे डबे पाडायचात. मी गच्चीवरून कपडे वाळत घालताना बघायचे. एकदा तर मान वळवून माझ्याशी बोलत होतात आणि डबा पडला. हे कुठे गेलं हो सगळं?

धाकटा: डबे पाडायला परीक्षक नसतो.

वहिनी: उचला दुसरा.

धाकटा: ...हा बरा गेला. हाही. वहिनी, तू कधी क्लब हातात घेतलायस का?

वहिनी: एकदा. सोफ्याखालून तुमच्या पुतणीचा मोजा काढायला. आता दहा मोजून मारा, मी बघते... आठ चांगले गेले की. सकाळी आलो तेव्हा दहात तीन होते.

धाकटा: इथे जातीलच. इथे तू आहेस. परीक्षेत क्लबची पिशवी दादाच्या खांद्यावर असते.

वहिनी: असू दे की.

धाकटा: तू नव्हतीस तिथे.

वहिनी: मागच्या वेळी सतराव्या होलला काय झालं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

धाकटा: चेंडू पाण्यात गेला. दोनदा.

वहिनी: ते सगळ्या क्लबला माहीत आहे. त्याच्या आधी काय झालं?

धाकटा: ...दादा येतोय. थर्मास घेऊन येतोय.

वहिनी: मग त्यांच्यासमोरच बोला.

धाकटा: नको, वहिनी.

दादा: चहा आणलाय. छोट्या, मी त्या छपराखालून बघत होतो. शेवटचे पाच-सहा. डोकं वर येतंय तुझं. चेंडू सुटायच्या आधीच तू तिकडे बघतोस.

वहिनी: पाच-सहांपैकी लागले किती?

दादा: लागणं न लागणं नंतर. शरीर जागेवर नसलं की आज लागेल, उद्या लागणार नाही. उजवा गुडघाही ढिला पडतोय. छोट्या, वही कुठेय?

वहिनी: माझ्याकडे आहे.

दादा: तुझ्याकडे?

धाकटा: दादा, जरा बसतोस का?

दादा: गुडघे दुखतात बसलं की. बोल उभ्याउभ्याच.

धाकटा: या वेळी परीक्षेला... तू पिशवी घेऊ नकोस.

दादा: मग? ढकलगाडी घेणार? ढकलगाडीने लय बिघडते. चढावर...

धाकटा: ढकलगाडी नाही. तूच येऊ नकोस, असं म्हणतोय.

दादा: ...हे हिने सुचवलं का?

वहिनी: मी नाही सुचवलं. पण ऐकून बरं वाटलं.

दादा: मी तिथे असतो म्हणून तू कसाबसा एकशे साठाच्या आसपास तरी येतोस. बाबा गेले त्या वर्षी मी स्पर्धा सोडल्या आणि इथे नोकरी धरली. तुझ्या उंचीचा क्लब मिळेना, तर स्वतःचा कापून दिला. तुझा एकेक फटका मी पाठीमागे उभा राहून बघितलाय. आता शेवटच्या परीक्षेला मी घरी बसायचं?

धाकटा: हो.

दादा: मी काही बोलणार नाही. तोंड बंद ठेवतो, मग तर झालं?

धाकटा: तू बोलत नाहीस तेव्हाही मला ऐकू येतं, दादा.

दादा: म्हणजे?

धाकटा: मागच्या वेळी, दुसऱ्या फेरीत सतराव्याला. दोन होल राहिले होते आणि हातात दहा फटके होते. मी पाण्याकडे बघितलंही नव्हतं. झेंडा दिसत होता, वारा पाठीवर होता, आणि मला आतून कळलं होतं की हा जाणार. मी क्लब मागे नेला आणि तू एक शब्द बोललास.

दादा: मी? फटका मारताना मी कधीच बोलत नाही.

धाकटा: हळूच बोललास. तुझ्याही नकळत असेल.

दादा: काय बोललो?

धाकटा: "कोपर."

वहिनी: चहा ओतते मी.

दादा: आणि मग पाण्यात गेला.

धाकटा: हो. दुसऱ्या वेळी तू काही बोलला नाहीस. पण मग मीच बोललो, मनात.

दादा: वर्षभर सांगितलं नाहीस.

धाकटा: काय सांगणार? तू गाडीत डोळे पुसत होतास.

दादा: मला खरंच आठवत नाही, छोट्या. आठवायला हवं होतं.

वहिनी: तुमचं चुकलं असं कोणी म्हणत नाहीये. तुम्ही त्यांना उभं राहायला शिकवलंत, पकडायला शिकवलंत. ते सगळं आता त्यांच्या अंगात आहे. अंगात उतरलेलं परत परत बाहेर काढून बघायचं कशाला?

दादा: तू मला शिकवणं शिकवतेस?

वहिनी: तीस वर्षं मीही पोरंच शिकवतेय. फक्त चेंडू टाकताना त्यांना एकवीस सूचना देत नाही, एवढाच फरक.

दादा: पिशवी कोण उचलणार?

वहिनी: मी.

दादा: जड असते ती. दिवसभर चालायचं असतं.

वहिनी: सहलीला गेलो की परतताना दोन झोपलेली पोरं माझ्या खांद्यावर असतात.

दादा: तुला कुठला क्लब कधी द्यायचा, ते तरी कळतं का?

वहिनी: आकडे वाचता येतात मला. ते मागतील तो देईन.

दादा: हं... आण ती वही.

धाकटा: दादा, राहू दे वही. रागावलास का?

दादा: रागावलो नाही. चहा घे आधी, निवतोय. मैदानात येत नाही मी. घ्यायला येईन संध्याकाळी सहाला. तेवढं तरी चालेल ना?

(नऊ दिवसांनी. गोल्फ मैदानाचा वाहनतळ.)

दादा: या. पिशवी आधी डिकीत ठेवा. ओला टॉवेल वेगळा काढ, बाकीचं भिजेल.

वहिनी: विचारणार नाही का काही?

दादा: तुमचे चेहरे बघतोय. काही कळत नाहीये.

वहिनी: दिवसभर उन्हात चालल्यावर चेहऱ्याचं काय राहणार? सांगा भाऊजी, तुम्हीच सांगा.

धाकटा: एकशे छप्पन्न.

दादा: छप्पन्न.

धाकटा: तीन शिल्लक.

दादा: सही झाली कार्डावर? तुझी आणि परीक्षकाची, दोघांची?

धाकटा: झाली. परीक्षकाने हातही मिळवला.

दादा: बरं... बरं झालं. पाणी पी. मागच्या सीटवर बाटली आहे.

वहिनी: सकाळी चौथ्या होललाच घोळ झाला. वाळूच्या खड्ड्यातच चार फटके गेले. मला वाटलं, आता संपलं.

दादा: आठ झाले असतील त्या होलला.

धाकटा: नऊ. बाहेर आलो. वहिनीला म्हटलं, काहीतरी बोल. तर ही म्हणते, बूट चावतोय.

वहिनी: चावतच होता.

धाकटा: मला हसू आलं. पुढच्या होलच्या सुरुवातीला पोचेपर्यंत ते नऊ मागेच पडले. मग एकेक झेंडा. कुठे चांगला गेला, कुठे नाही. दुपारी दोन वेळा कोपर आठवलं, दादा. खोटं कशाला सांगू? आठवलं तेव्हा मी थांबलो, बाजूला झालो, परत झेंडा बघितला आणि मग मारला.

दादा: सतराव्याला?

धाकटा: पाण्यावरून गेला. झेंड्याभोवतीच्या ग्रीनच्या कडेला पडला, पण पलीकडे पडला.

वहिनी: मी डोळे मिटले होते. माझं ऐकू नका कोणी.

दादा: बसा आता गाडीत.

वहिनी: थांबा. सहाला यायचं ठरलं होतं. आत्ता साडेपाच होतायत आणि तुमच्या बुटांना तर वाळलेला चिखल आहे. कधीपासून आहात इथे?

दादा: दुपारपासून.

वहिनी: कबूल केलं होतंत.

दादा: मैदानात येणार नाही, असं कबूल केलं होतं. मैदानात आलो नाही. कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर होतो.

धाकटा: सतराव्याजवळ?

दादा: तिथे जायचा धीर झाला नाही. बाराव्याच्या ग्रीनमागे उभा राहिलो, झाडाला टेकून.

धाकटा: बाराव्याला माझा गुडघा नक्कीच हलला असेल. उतारावरून मारला मी तो. सांग काय ते, आता चालेल.

दादा: मला तू दिसलाच नाहीस. मध्ये उंचवटा येतो ना. तुझे पाय दिसले नाहीत, खांदे दिसले नाहीत.

धाकटा: मग काय दिसलं?

दादा: चेंडू. उंचवट्यामागून वर आला, झेंड्याच्या अलीकडे पडला, दोन टप्पे घेतले आणि थांबला. कोणाचा आहे, मला कळलं नाही. तुझ्या आधी चार-पाच जण गेले होते. मी म्हटलं, कोणीतरी छान मारला.

वहिनी: आणि मग?

दादा: मग तू दिसलीस उंचवट्यावर. पिशवी घेऊन, लंगडत.