रुखमाबाईचा ठसा

— तिथं नको बसू वं, त्या खुर्चीवर कार्डं वाळून राहिली. इकडं स्टुलावर बस. डबा मांडीवरच राहू दे, उघडायची घाई नको करू, अन् मी उठून पाणी-बिणी देईन अशी आशा नको ठेवू — हा हत्तीचा कान अर्धा सोडून मी उठत नसते. तुले त माहीतच आहे, ह्या स्पिरिटच्या मार्करले धीर नसतो, ओलं आहे तोवर फिक्यावर गडद, गडदावर पुन्हा फिका, फिरवत राहा लागते. मीच शिकवलं ना तुले, ह्याच टेबलावर. बारशाचं कार्ड आहे हे, पोरगी झाली लोकायले, हत्तीचा ठसा मारून ठेवला, आता रंग भरून राहिली. बोल, काहून आली? नाही, थांब, मीच सांगते. दोन वर्षं तुही गाडी जरीपटक्याहून इकडं वळली नाही, सिग्नलले बाजूले उभी राहिली तरी स्कार्फ डोळ्यापर्यंत ओढून घ्यायची, भारतीताई नावाची कोणी बाई जगात आहे हे जसं तुले माहीतच नाही — अन् आज भर उन्हात डबा घेऊन माह्या दारात. श्वेता, बाई, तुहं काम बिघडलं. शाई सुटली.

बघ, मान खाली गेली. म्हणजे बरोबर सांगितलं मी.

मले वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही, खोटं काहून बोलू? सदर बाजारातल्या त्या हातमागाच्या साड्यायच्या शोरूमचं काम तुले मिळालं हे कळलं तेव्हापासून माह्या तोंडाले चव नाही. प्रत्येक साडीसोबत हातानं रंगवलेलं एक कार्ड, अन् कार्डावर कोण, त चरख्यावर सुताच्या कांड्या भरणारी बाई. लाल लुगडं, कपाळावर हे एवढं कुंकू, डावा हात चरख्यावर. कोण आहे वं ती? सांग ना. त्या शोरूमवाल्यायले काय सांगितलं तू? राहू दे, मले माहीत आहे काय सांगितलं. पण ती रुखमाबाई आहे, उमरेडची. माही माय आहे ती.

ह्याच खोलीत होती शेवटी. तिथं, जिथं आता माहं कपाट आहे, तिथं तिची खाट होती. उठून बसता येत नव्हतं, अन् मी तिले कागदावर बसवून राहिली होती — माय, पदर कोणत्या खांद्यावरून? माय, पाय कसा दुमडत होती? ती डोळे मिटून सांगायची. चरखा काढून झाला, दाखवला, त बोट उचलून म्हणते, बाई, हात चुकला, मी डावखुरी नाही का. जन्मभर तिच्यासमोर राहिली अन् मी तिचा हात विसरली. खोडून पुन्हा काढला. ते चित्र पाहून हसली ती, अन् मंग काही दिवसायनं गेली. त्याचा मी रबरी ठसा करून घेतला, विकायले नाही, माह्यासाठी. क्लासमध्ये बाहेर काढला तो एवढ्यासाठी का सगळ्यायमध्ये तुह्या हाताले चेहरा जमत होता. गालावरची सावली तू अशी घ्यायची का मलेही तशी नाही येत — आजही नाही येत, घे, म्हटलं. मले वाटलं, मायले एखाद्या चांगल्या हातानं रंगवावं. पाह्य माही अक्कल. सरावासाठी नेते म्हणून एका कागदावर ठसा मारून तू घरी घेऊन गेली, अन् त्याच्यावरून तिकडं आपला ठसा बनवून घेतला.

तेवढंही मी गिळलं असतं. ह्या कामात कोण कोणाचं उचलत नाही? माही फुलं-पानं काय आभाळातून पडली? पण कार्डायचं ते प्रदर्शन आठवते का तुले? मी आली होती. तुह्या स्टॉलच्या मागं जो पडदा होता ना, त्याच्या पलीकडं उभी होती, म्हटलं गर्दी कमी झाली का जाऊन बोलू, पोरगी आहे, समजावून सांगू. खरंच, भांडायले नव्हती आली. अन् एका बाईनं तुले विचारलं का ही डाव्या हातानं काहून फिरवून राहिली चरखा. तेव्हा तू काय म्हटली? अशी शुद्ध भाषेत, गोड आवाज काढून — "माझी आजी डावखुरीच होती, लहानपणी मला मांडीवर घेऊन कांड्या भरायची." मांडीवर. माह्या मायच्या मांडीवर बसून आली तू. तुही आजी शाळेत मास्तरीण होती वं, तूच सांगितलं होतं मले चहा पिता पिता, चरखा काय, तिनं कधी साधी सुई नसन धरली. मी तशीच मागच्या मागं निघून आली. गाडी कुठं लावली तेही आठवेना. त्या दिवशी मी ठरवलं का ह्या पोरीले एक दिवस माह्या दारात यायले लावीन, अन् पाह्य, तू आली.

आता सांग, कसं कसं झालं? राहू दे, मीच सांगते, मले इथं बसून दिसते सगळं. आधी सगळे ठसे एका बैठकीत मारले, म्हणजे दाब सारखा येते — माहीच शिकवण. मंग सगळ्यायचे चेहरे आधी, लुगडी मागून — तेही माहंच. पहिल्या चेहऱ्यावर मार्कर टेकवला अन् काळी रेघ विरघळली. पण तू म्हटलं, भारतीताई म्हणायच्या का ओलं असताना सगळंच घाण दिसते, वाळू द्यावं, मंग बोलावं. म्हणून दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. वाळल्यावर पाहिलं तोवर तुहा महागाचा जाड कागद सगळा गेला होता. अन् चूक तुही नाही म्हणा, त्या जांभळ्या झाकणाच्या शाईच्या पॅडवर लिहिलंच आहे मोठ्या अक्षरात, पक्की शाई, कधीच पुसत नाही. पाण्यानं नाही पुसत बाई ती. स्पिरिट लागलं का मातीसारखी वाहते.

काय?

जांभळं झाकण — तूच म्हटली ना आत्ता. नाही म्हटली? मंग मीच — अशा जांभळ्याच डब्ब्या येतात वं, सगळ्यायले माहीत आहे, त्यात काय मोठं — अशी काय पाहून राहिली माह्याकडं?

बरं. ऐक मंग. ऐकून घे, एका परीनं बरंच झालं, माह्याही पोटात राहत नव्हतं. माह्या क्लासमध्ये पॅडवर लेबल नसते, मी सुरीनं खरवडून टाकते, सगळ्याच क्लासवाल्या टाकतात, नाहीतर तुम्ही पोरी सरळ दुकान गाठता अन् आम्हाले विचारत नाही. त्याच्यानं तुले त्या शाईचं नावच ठाऊक नव्हतं. तुहं पॅड सुकलं, तू सदरले गिरिधरच्या दुकानात गेली अन् म्हटलं, भारतीताई वापरतात ते काळं द्या. अन् तो गिरिधर, साधा माणूस, त्यानं आतमध्ये जाऊन मले फोन लावला का ताई, श्वेता मॅडम आल्या, कोणतं देऊ? मी तांदूळ निवडून राहिली होती. मी म्हटलं, जांभळं दे. तो म्हणते, पण ताई, तुम्ही त हिरव्या झाकणाचं नेता. मी म्हटलं, आता हेच वापरते, दे तू. बस. एवढंच केलं मी. फोन ठेवला अन् एकटीसाठी चहा मांडला, आलं ठेचून टाकलं, अन् दोन वर्षायनं पहिल्यांदा मले तो चहा गोड लागला. घे, सगळं सांगितलं, आता कर काय करायचं ते, साऱ्या नागपुरात सांगत फीर.

अन् तू जे मागायले आली ते माह्याजवळ आहे बरं का. तसा कागद आहे, त्या कपाटात, गठ्ठाच्या गठ्ठा. हिरव्या झाकणाचं पॅडही आहे. परवा उद्घाटन आहे ना तुह्या शोरूमचं? आजपासून बसलो आपण दोघी त होऊनही जाईन. पण मी देत नाही. पायावर डोकं ठेवलं तरी देत नाही. परवा तिथं उभी राहा रिकाम्या हातानं, अन् सांग त्यायले आपल्या आजीच्या गोष्टी. शोरूमवाले दुसऱ्यांदा तुहं तोंड नाही पाहणार, अन् मी घरी बसून —

डबा काहून उघडून राहिली? मी म्हटलं का दाखव? मले नाही पाहायचं. ठेव ते आत. टेबलावर नको ठेवू वं, माहं काम आहे इथं —

सगळी कार्डं अशीच आहेत?

दे तो डबा इकडं. दे. हेही. हेही तसंच. तू हात वरून खाली ओढला ना, कपाळाहून हनुवटीकडं, म्हणून डोळ्यातली शाई सारी गालावर उतरली. रडून राहिली ती. सगळ्या कार्डायवर रडून राहिली. अगं, ही बाई रडली नाही वं कधी. बापानं माग मोडून लाकडाच्या भावात विकला, माणसं एकेक फळी उचलून नेऊन राहिली होती, अन् ही दारात बसून उरलेल्या सुताच्या कांड्या भरून राहिली, म्हणे वाया काहून घालवायचं. बाप गेला त आम्हाले जवळ घेऊन बसली, डोळा कोरडा. खाटेवर इतकं दुखायचं, इतकं दुखायचं, तरी आम्हाले नाही दाखवलं तिनं. अन् इथं पाह्य. ह्या डब्यात पाह्य काय करून ठेवलं तिचं. तुले एकावर दिसलं, तुहा हात काहून नाही थांबला? वाळायची वाट काय पाहून राहिली? आजी म्हटलं होतं ना तू तिले? आजीले कोणी असं —

काय म्हटलं?

तोंडातल्या तोंडात नको बोलू, मोठ्यानं बोल. "मी नुसतं आजी म्हटलं, ताई. तुमची तर आई होती." असं म्हटली तू?

ऊठ. नाही, कागद नाही देत. पॅडही नाही देत, त्याच्यात काही बदललं नाही, तू परवा रिकाम्या हातानंच जाशील. अन् डबा सोड. सोड म्हणते ना — हिले अशा तोंडानं गाडीवर टाकून सदरपर्यंत नाही नेऊ देणार मी. ती इथंच राहीन. जाय वं. माह्याकडं पाहत नको राहू, जाय. दार बाहेरून ओढून घे.