मधले चाळीस सेकंद

छोट्या : ती वायर राहू दे ताई, मी काढतो. तू फक्त कागदावर लिहून दे.

ताई : काय लिहू?

छोट्या : तेच गं. एक राउंड संपला की दुसरा सुरू होईपर्यंत चाळीस सेकंद असतात, त्यात तू जे काय करायचीस ते. तुझ्या जागी येणारी पोरगी पुढच्या सोमवारपासून कॉम्प्युटरवर खेळायला बसेल, तिला द्यायचंय. आपली टीम घेणाऱ्या क्लबचे साहेब म्हणाले, जुन्या खेळाडूकडून सगळं नीट समजून घ्या.

ताई : जुनी खेळाडू. गेल्या गुरुवारी दुपारपर्यंत तर मी टीममधे होते.

छोट्या : आता टोमणे नको मारूस. मी आधीच वैतागलोय.

ताई : माझं टेबल तू रिकामं करतोयस, माझी खुर्ची तू उचलतोयस, आणि वैतागलायस तू. बरं आहे.

छोट्या : क्लबनं आकडे बघून तुला काढलं. त्याला मी काय करू? प्रत्येक मॅचमधे सगळ्यात आधी मरणारी तू. दहातल्या आठ राउंडना पहिला मुडदा तुझा. आकडे काही तुझे दुश्मन नाहीत.

ताई : आणि मला पुढं कोण पाठवायचं?

छोट्या : मीच. कॅप्टन आहे मी, कोणाला तरी पाठवावंच लागतं.

ताई : "ताई, तू दारातून आत घुस, गोळी कुठून येते ते तरी कळेल." मी घुसायचे. कळायचं. मग मेलेल्या माणसाला काम काय? बघत बसायचं. तुम्हा चौघांच्या स्क्रीन आळीपाळीनं बघायच्या आणि जे दिसलं ते मधल्या चाळीस सेकंदांत सांगायचं. बाकीच्या टीम त्या वेळात मोबाइल बघतात, नाहीतर एकमेकांची आई-बहीण काढतात. आपण जिंकायचो ते त्या चाळीस सेकंदांवर.

छोट्या : हां, हेच. हेच लिही.

ताई : तूच लिही, मी सांगते. पेन घे. पहिले दहा सेकंद खेळाबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

छोट्या : दहा सेकंद फुकट घालवायचे?

ताई : फुकट कसले. हरलेला राउंड डोक्यात भणभणत असतो, तेव्हा शहाणपण आत जात नाही. त्या वेळात श्वास ऐकायचे. आपला काडी नाकानं श्वास घेतोय का तोंडानं, ते माइकवर कळतं. तोंडानं घेत असला तर घाबरलाय. त्याचे हात गार पडतात. त्याला सांगायचं, हात काखेत घाल. नेम का चुकला, हे त्याला कधी विचारायचं नाही.

छोट्या : काडीचे हात गार पडतात?

ताई : तीन वर्षं तुझ्याबरोबर खेळतोय तो.

छोट्या : मला नाही बोलला कधी.

ताई : पुढं लिही. आपल्या चष्म्याला हुकूम द्यायचा नाही, विचारायचं. "तुला काय वाटतं, ते कुठून येतील?" स्वतःच्या तोंडानं बोलला की जीव तोडून खेळतो. नुसतं "इकडं जा" म्हटलं की जातो, पण सासरी निघाल्यासारखा.

छोट्या : आणि भडक्या?

ताई : भडक्या शिव्या देत असला तर उत्तम, देऊ द्यायच्या. गप्प झाला की समजायचं, हातचा गेला. मग त्याच्या मांजरीची चौकशी करायची. कीबोर्डवर बसली का, दूध प्यायली का. एकदा हसला की ठीक.

छोट्या : मांजर पण लिहू?

ताई : मांजर पण लिही. हे सगळं वीस सेकंदांत. उरलेले समोरच्यांसाठी. हरल्यावर कोण काय करतो, ते बघून ठेवायचं. जिंकताना माणूस शहाण्यासारखा वागतो, हरल्यावर आपल्या खोडीवर जातो. फायनलमधला त्यांचा लांब बंदुकीवाला आठवतो? राउंड हरला की पुढच्या राउंडला हटकून पुलापाशी जाऊन बसायचा. जिंकला की गोदामात. तीनदा बघितलं मी.

छोट्या : थांब, थांब. फायनलमधे बघितलंस?

ताई : फायनलमधेच.

छोट्या : मग तेव्हा का नाही सांगितलंस? शेवटच्या राउंडला मी सगळ्यांना पुलावरूनच नेलं. तो तिथंच बसला होता. रांगेत उभं करून मारल्यासारखे मेलो आपण. एवढं माहीत होतं तर तोंड उघडायचं ना ताई.

ताई : काय म्हणालास?

छोट्या : म्हटलं, तेव्हा सांगायला हवं होतंस.

ताई : मी दोनदा सांगितलं. "तो पुलावर असणार, गोदामातून चला." दोनदा, तुझं नाव घेऊन.

छोट्या : नाही सांगितलंस.

ताई : मला वाटलं, तू ऐकलंस आणि तुला पटलं नाही. कॅप्टन तू, तुझा शब्द शेवटचा. बाकीच्यांनाही तेच वाटलं. भडक्या नंतर मला म्हणाला, "छोट्यानं तुझं ऐकूनही पूल म्हटलं, म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी असणार." म्हणून तर निमूट आले तुझ्या मागं.

छोट्या : अगं, नाही ऐकू आलं. त्या गोंगाटात कुठं...

ताई : चाळीस सेकंदांत कसला गोंगाट? कोणी गोळी झाडत नाही.

छोट्या : मग माइकला काहीतरी झालं असेल.

ताई : माझ्या माइकला? बाकी तिघांना ऐकू आलं. छोट्या, एक सांग. राउंड संपला की मी पहिलं वाक्य कोणतं बोलते?

छोट्या : म्हणजे?

ताई : मॅचमधे काडीला चक्कर आली होती ना गेल्या वर्षी, तेव्हापासून. प्रत्येक राउंडनंतर. एकच वाक्य, शब्द बदललेला नाही. चष्म्याला झोपेतून उठवून विचार, सांगेल.

छोट्या : "चला, पुढचं बघू."

ताई : नाही.

छोट्या : "होतं असं कधीकधी"?

ताई : "पाणी प्या." मी म्हणते, पाणी प्या. मग तीन बाटल्यांची झाकणं वाजतात. मला वाटायचं, चौथी तुझ्याकडं नसेल.

छोट्या : हां, पाणी. तेच मी म्हणणार होतो.

ताई : कधीपासून माझा आवाज बंद करतोस?

छोट्या : फक्त मधल्या वेळात. राउंड सुरू झाला की परत चालू करायचो. शप्पथ.

ताई : कधीपासून विचारलं मी.

छोट्या : काडीच्या चक्करच्या आधीपासून. झालं असेल वर्ष, वर त्याच्या थोडं.

ताई : वर्ष.

छोट्या : तुला नाही कळायचं. तू बोलायला लागलीस की मी पुन्हा सात वर्षांचा व्हायचो. नाक पूस, बूट घाल, दप्तर घे. सगळे आपले "हो ताई", "बरं ताई". कॅप्टन मी, आणि लोक तुझ्या शब्दावर हलणार. तू ह्या खोलीत, मी आतल्या, कानांवर हेडफोन; एकदा वैतागून तुझ्या आवाजाचं बटण दाबलं. एवढं शांत वाटलं मला. मग सवयच लागली.

ताई : मला माहीत होतं तुला आवडत नाही. म्हणून मी तुला थेट काही सांगायचेच नाही. चष्म्याला विचारायचे, तो उत्तर द्यायचा, ते तुझ्या कानावर पडायचं, आणि तू म्हणायचास, "मला एक सुचलंय." मला बरं वाटायचं. म्हटलं, चला, पोरगा शिकतोय. शेवटच्या राउंडला चष्म्याकडून वळसा घालायला वेळ नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा थेट तुझ्याशी बोलले.

छोट्या : मला काय स्वप्न पडलं होतं?

ताई : क्लबच्या साहेबांना काय सांगितलंस?

छोट्या : कशाबद्दल?

ताई : त्यांनी विचारलंच असणार. पुलाबद्दल कोणी सावध केलं नाही का, म्हणून.

छोट्या : विचारलं.

ताई : मग?

छोट्या : म्हटलं, ते काम ताईचं होतं. पण मधल्या वेळात ती काही बोलत नाही.

ताई : बोलत नाही.

छोट्या : मला ऐकूच येत नव्हतं, मग तू बोलतेस हे मला कसं कळणार? तसं बघितलं तर मी खोटं बोललेलो नाही.

आई : काय चाललंय रे तुमचं? भिंतीपलीकडं ऐकू जातंय. अकराला ते साहेब करारावर सह्या घ्यायला येणार, आणि इथं वायरींचं जाळं पसरलंय.

छोट्या : काही नाही आई. ताई जरा चिडलीये.

आई : चिडणारच. तिच्याही मनात होतं. पण पोरी, एकाचं झालं ना घरात? भावाचं झालं ते आपलंच झालं.

ताई : आई, मी गेल्या बुधवारी दुकानातला राजीनामा दिलाय.

छोट्या : कुठल्या दुकानातला?

ताई : चष्मे बनवतात त्या. चार वर्षं मी काचा घासते तिथल्या. तूच सांगितलंस ना, क्लबचं पक्कं झालं, आता रोज आठ तास सराव, नोकरी जमायची नाही. बुधवारी जेवताना सांगितलं मी. तू मान हलवलीस.

छोट्या : माझ्या कानात हेडफोन असेल.

ताई : होता.

आई : मी तेव्हाच म्हटलं होतं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. पण ह्या घरात माझं ऐकतंय कोण. जा उद्या आणि माग परत.

ताई : काल गेले होते. माझ्या स्टुलावर दुसरी बसलीये. मालक म्हणाले, शनिवारी यायला हवं होतंस. शनिवारी मी घरी रडत होते.

आई : मला नाही दिसलीस रडताना.

ताई : छोट्या, साहेबांना फोन लाव.

छोट्या : आत्ता? आणि काय सांगू?

ताई : जे झालं ते. मी सांगितलं होतं, आणि तू माझा आवाज बंद केला होतास. दोन वाक्यं आहेत.

छोट्या : वेडी आहेस का? ज्या कॅप्टननं स्वतःच्याच माणसाला बंद करून ठेवलं, त्याला ठेवतील ते? सह्या तर होऊ देत. मग महिन्याभरानं, शांतपणे, मी बोलतो त्यांच्याशी तुझ्याबद्दल.

ताई : माझ्याकडं रेकॉर्डिंग आहे. मी माझं बोलणं साठवून ठेवते, नंतर ऐकते, कुठं जास्त बोलले ते बघायला. फायनलचंही आहे.

छोट्या : ताई, ते पाठवू नकोस. करारच मोडेल. काडी, चष्मा, भडक्या, तिघांचंही जाईल.

ताई : ते कळतं मला. पाठवायचं असतं तर तुला सांगत बसले असते? म्हणून म्हणते, तू फोन कर. तुझ्या तोंडून गेलं तर चूक ठरेल. माझ्या तोंडून गेलं तर चुगली.

आई : अगं, लहान आहे तो. समजून घे ना.

ताई : चोवीस वर्षांचा आहे आई.

आई : तुझ्याहून लहानच ना.

छोट्या : करतो. करतो मी फोन. दोघीही जरा गप्प बसा.

(फोन लागतो.)

छोट्या : हॅलो, साहेब. हो, मीच. निघालात का? अच्छा, अच्छा. नाही, सगळं तयार आहे. एक बोलायचं होतं, ताईबद्दल. हो, इथंच आहे, शेजारी. नाही हो, नाराज वगैरे अजिबात नाही. उलट तिनंच बसून सगळं सांगितलं नव्या मुलीसाठी. हो ना, मन मोठं आहे तिचं. काय? फायनल? ते असं झालं साहेब... नाही, काही विशेष नाही. भेटल्यावर बोलू. हो, हो. या. सावकाश या.

आई : काय म्हणाले?

छोट्या : वीस मिनिटांत पोचतायत. ताई, असं बघू नकोस. ते गाडी चालवत होते. फोनवर अशा गोष्टी एका दमात कशा सांगायच्या?

ताई : सांगता येतात. वेळ होता तुला.

छोट्या : आल्यावर सांगतो.

ताई : नको.

छोट्या : खरंच सांगतो.

ताई : नको म्हटलं ना. आता मला ऐकायचं नाही.

आई : चला, मिटलं ना मग? मी म्हणत नव्हते, माझी लेक समजूतदार आहे. ऊठ, केस सारखे कर. पाहुण्यांसमोर असा चेहरा बरा दिसत नाही.

ताई : मी बाहेर जातेय. ते जाईपर्यंत येत नाही.

आई : आणि त्यांनी विचारलं तर?

ताई : सांग, ती काही बोलत नाही.

छोट्या : ताई, जाण्याआधी एवढं बघून दे. काडीचं लिहिलं, चष्म्याचं लिहिलं, भडक्याचं लिहिलं. माझं राहिलं. मधल्या वेळात तिनं माझ्याशी काय बोलायचं?

ताई : लिही, काही बोलायचं नाही.

छोट्या : असं कसं? कॅप्टनशी काहीच नाही?

ताई : काहीच नाही. निदान तिचं तरी एक वर्ष वाचेल.