गळती बघायला

दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या शिंपीणबाईंनी वर्तमानपत्र उघडलं, पण कान शेजारच्या दोघी बहिणींकडेच होते.

“ताई, माशांची टाकी गळली आणि पाणी थेट खाली, घरमालकीणबाईंच्या छतातून.”

“घर सोडा म्हणाल्या असतील.”

“तेच सांगायला तणतणत वर आल्या. माशांसमोर बसल्या, त्या चहा पिऊनच उठल्या.”

“टाकी बदललीस ना?”

“बदलली, खाली ट्रेसुद्धा ठेवला. तरी गळती बघायला म्हणून रोज येतात. एकट्याच असतात गं.”

“गळतं का अजून?”

“थेंबही नाही. त्यांची चाहूल लागली की मीच ट्रेमध्ये वाटीभर पाणी ओतते.”

“त्यांना कळलं तर?”

“कळलंय. काल म्हणाल्या, ‘आज ओतायला विसरलीस वाटतं.’ आणि बसल्या.”