डाव्या हाताचं काम

प्रतीक्षा : हे पाह्य, आजही तसंच. कोरभर भाकर मोडली, वरणात बुडवली अन् ठेवून देली.

प्रज्वल : भूक नसेल गं ताई. आई जाऊन किती दिवस झालेत असे?

प्रतीक्षा : तेच सारे म्हणतात, दुःखात जेवण जात नाही. पण रामरावकाका होते तोवर बाबा जेवत होते. चार घास कमी, पण जेवत होते. तेरावं झालं, काका साखरखेर्ड्याले गेले, अन् ताट वापस याले लागलं. तू शेगावहून ती पिशवी आणली, तवापासून त साफ बंद.

प्रज्वल : कुठली पिशवी?

प्रतीक्षा : कागदाची. ते गुंडाळे, अन् ओले रुमाल.

प्रज्वल : टॉयलेट पेपरचा आणि जेवणाचा काय संबंध?

प्रतीक्षा : तूच सांग. तुले कागद आणाचं कसं सुचलं?

प्रज्वल : मी बघितलं ना त्यांना. डावा हात लुळा, उजव्या हातात पाण्याचा मग. पाणी ओतायचं की धुवायचं? सगळं अंगावर सांडलं होतं. म्हणून आणला. तिकडे सगळे तेच वापरतात.

प्रतीक्षा : अन् आधी ते कसं करत असतीन, हे नाही सुचलं?

प्रज्वल : मला वाटलं, जमत असेल त्यांचं त्यांना.

प्रतीक्षा : आई धुऊन देत होती, प्रज्वल. बाबांची डावी बाजू गेली, त्या दिवसापासून. रोज सकाळी. मग काकांनी केलं, भाऊ म्हणून.

प्रज्वल : मला कधी बोलली नाही. व्हिडिओ कॉलवर विचारलं की म्हणायची, सारं साजरं हाये.

प्रतीक्षा : मग ती काय फोनवर सांगीन तुले? अमेरिका म्हण, जर्मनी म्हण, तिच्यासाठी सारखंच होतं. दूर.

प्रज्वल : तू का नाही केलंस? काका गेल्यावर?

प्रतीक्षा : गेली होती मी. पाण्याचा मग हातात घेऊन. बाबा म्हणाले, भाईर हो. लेकीनं बापाचं धुवाचं नसते. आवाज एवढा मोठा केला का शेजारच्या जनकाबाई भिंतीवरून पाहू लागल्या. मग मी भाईर आली.

प्रज्वल : मला सांगायचंस.

प्रतीक्षा : तुही परवाची गाडी हाये. तुले सांगून तू किती दिवस करशीन? जाय, ताक घेऊन जाय त्यांच्यापाशी. माह्या हातचं त घेतच नाहीत.

•

प्रज्वल : बाबा, जागे आहात?

भगवंतराव : झोपलो कुठी. पडून हावो.

प्रज्वल : ताक आणलंय.

भगवंतराव : ठेव तथी.

प्रज्वल : सकाळचं पण तिथेच आहे.

भगवंतराव : मंग हे बी ठेव त्याच्या बाजूले.

प्रज्वल : पोट दुखतंय का? डॉक्टरांना बोलावू?

भगवंतराव : पोटाले काही नाही झालं. पोटात गेलं का भाईर येते. नाही गेलं का येत नाही. डाक्टर काय करीन त्याले?

प्रज्वल : म्हणून जेवत नाही तुम्ही?

भगवंतराव : तू तथी काय करतं बे?

प्रज्वल : कुठे?

भगवंतराव : जर्मनीत. सकाळच्या पारी.

प्रज्वल : कागदच असतो बाबा. घरी, ऑफिसात, स्टेशनवर, सगळीकडे कागदच.

भगवंतराव : पानी नसते?

प्रज्वल : असतं. पण हात धुवायला. त्यासाठी नाही.

भगवंतराव : जमलं तुले?

प्रज्वल : पहिल्या वर्षी नाही जमलं. पाण्याची बाटली न्यायचो. ऑफिसात कोटाच्या आत लपवून. एकदा बरोबरच्या एकानं विचारलं, तू बाटली घेऊन आत कशाला जातोस?

भगवंतराव : मंग? काय सांगतलं?

प्रज्वल : म्हटलं, औषध घ्यायचं असतं.

भगवंतराव : त्याले पटलं?

प्रज्वल : पटलं असावं. लवकर बरा हो म्हणाला.

भगवंतराव : अन् आता?

प्रज्वल : आता सवय झाली. बाहेर कागद. घरी मात्र अजून बाटली ठेवतो.

भगवंतराव : घरी बाटली ठेवतं. मंग मले काऊन कागद देला?

प्रज्वल : पाण्याला दोन हात लागतात, बाबा. कागदाला एकच पुरतो.

भगवंतराव : हाव. एकच पुरते. पन तो जेवाचा हाये.

प्रज्वल : म्हणजे?

भगवंतराव : जल्मभर डाव्यानं धुतलं अन् उजव्यानं खाल्लं. हे कोनी शिकवा नाही लागत. डावा मेला. आता तुहा कागद घेतला उजव्यानं. मंग साबन लावला, राख लावली, गोटा घेऊन घासला. पाह्य, साल निंगाली इथची. ताट आलं समोर. घास उचलला, तोंडापाशी नेला, अन् ताटात टाकून देला. आता ताटच सरकवून देतो.

प्रज्वल : साबणानं धुतल्यावर काही राहत नाही हाताला.

भगवंतराव : मले समजते ते. शाळेत हेडक्लार्क होतो मी, अडानी नाही. समजून काय उपेग? घास जात नाही.

प्रज्वल : मी धुतो.

भगवंतराव : काय धुतं?

प्रज्वल : तुम्हाला. आई करायची तसं.

भगवंतराव : तू परवा जाऊन राह्यला.

प्रज्वल : परवा जाणार आहे. आज इथे आहे.

भगवंतराव : नको. दोन दिवसाची सवय कायले लावून घेऊ.

प्रज्वल : बाबा, ताक प्या. जे व्हायचं ते होऊ द्या. मी बसलोय इथेच.

•

(न्हाणीघर. बादलीत पाणी पडल्याचा आवाज.)

भगवंतराव : हे पानी कोनतं घेतलं?

प्रज्वल : नळाचं.

भगवंतराव : ते खारं हाये. झोंबते. कागदानं सोललं हाये तथी. तुही आई पेयाच्या गोड पान्यातलं घेत होती एक गडवा. कोमट करे.

प्रज्वल : प्यायचं पाणी?

भगवंतराव : मी ओरडो तिच्यावर. लोकं इथी प्याले पानी इकत आनतात, अन् तू कायले वापरतं. तरी घेतच होती.

प्रज्वल : थांबा. आणतो... हं. हे बघा, चटका बसतोय का?

भगवंतराव : उजव्या बाजूले साजरं लागते. डाव्या बाजूचं मले विचारू नको. उकळतं टाकलं तरी समजनार नाही. तुह्या हातानं पाहून घेत जाय.

प्रज्वल : ठीक आहे. थोडे पुढे वाका. माझ्या खांद्यावर भार टाका. हातमोजे घातलेत मी, चालतील ना?

भगवंतराव : चालतीन. तिनं बी घातले असते, कोनी आनून देले असते त.

प्रज्वल : ओततो आता.

भगवंतराव : ओत. हळू. हाव, तसंच.

प्रज्वल : दुखतंय?

भगवंतराव : नाही.

प्रज्वल : सांगा दुखलं तर.

भगवंतराव : ती बोलत राहे हे करताना. कोनाच्या घरी बाळंतीन आली, संग्रामपूरच्या बाजारात वांगे कसे निंगाले, कोनाची म्हैस आटली. मी काही आयकत नव्हतो. पन तेवढ्यात होऊन जाय.

प्रज्वल : मला काही सुचत नाही बोलायला.

भगवंतराव : मले बी नाही सुचत.

प्रज्वल : बाबा, मला रडूच आलं नाही. विमानात नाही, इथे आल्यावर नाही. स्मशानात सगळे बघत होते माझ्याकडे. मी उभा होतो नुसता. मले वाटे, आता येईन, मंग येईन.

भगवंतराव : मले कुठी आलं? जनकाबाई म्हने, रडा भाऊ, मोकये व्हा. म्या म्हटलं, कसं रडू? माह्या डाव्या अंगाले त समजत नाही, उजव्याले बी समजेनासं झालं.

प्रज्वल : झालं बहुतेक. अजून एकदा ओतू?

भगवंतराव : ओत एकदा. अन् कोरडं करून घे. त्याले कागद साजरा हाये. पुसाले.

•

प्रतीक्षा : घ्या. आंबाडीची भाजी हाये, ज्वारीची भाकर हाये. तेल टाकू का वरून?

भगवंतराव : टाक.

प्रतीक्षा : अजून एक चतकोर घ्या. आज जेवले, तर पोटभर जेवा.

भगवंतराव : आज यानं धुतलं. माहा हात मोकया हाये. उद्या बी धुईन हा. परवा?

प्रतीक्षा : परवापासून मी हावो. शाळेले सुट्ट्या लागल्या माह्या. मी काही शेगावले माह्या घरी जात नाही इतक्यात.

भगवंतराव : तू नाही. सांगतलं एकदा.

प्रज्वल : मी एक करू शकतो. आजच खामगावहून तोटीचा डबा आणतो, भिंतीवर टांगतो. तोटी फिरवली की पाणी आपोआप पडेल, मग धरावा लागणार नाही. आणि उजवीकडे दांडा बसवून घेतो, तोल गेला तर कोपर अडकवायला. हात मोकळा राहील तुमचा.

भगवंतराव : मोकया राहीन. उजवाच ना? फिरून तेच. धुवाचं त्यानं, मंग खायाचं कायनं?

प्रतीक्षा : त्यानंच.

भगवंतराव : होत नाही माह्याच्यानं.

प्रतीक्षा : बाबा, एक विचारू? रागवा, पण आयका. आई सकाळी तुमचं धुवे. मग हात धुवे. मग चुलीपाशी बसे. भाकर कोणत्या हातानं थापे?

प्रज्वल : ताई, जाऊ दे.

प्रतीक्षा : नाही जाऊ देत. दोन्ही हातानं थापे. एक हात येगळा ठेवून भाकर थापता येत नाही. तुम्ही ते खाल्लं. रोज खाल्लं. मीठ कमी हाये, एवढंच बोलत होते तुम्ही.

प्रज्वल : बाबा, पाणी देऊ?

भगवंतराव : तिचा हात येगळा होता.

प्रतीक्षा : हातच होता, बाबा. मी उठते. भाकर तव्यावर राह्यली.

भगवंतराव : थांब वं. ते चतकोर देऊन जाय.

•

प्रज्वल : ताई, गाडीवाला हॉर्न देतोय. शेगावला लवकर पोचायचंय म्हणतो, स्टेशनच्या रस्त्यावर गर्दी असते.

प्रतीक्षा : बॅग ठेवली त्यानं. बाबा अजून आतच हायेत.

प्रज्वल : किती वेळ झाला?

प्रतीक्षा : बराच. मी म्हटलं, तो निघून राह्यला, नंतर जा. म्हणे, वेळ का मले विचारून येते? तू जाय त्यांच्यापाशी. मी गाडीवाल्याले चहा देते.

प्रज्वल : बाबा? झालं का?

भगवंतराव : नाही.

प्रज्वल : तोटी फिरतेय ना नीट?

भगवंतराव : फिरते. जरा कडक हाये.

प्रज्वल : दांड्यात कोपर अडकवलंय?

भगवंतराव : अडकवलं.

प्रज्वल : मी येऊ का आत? शेवटचं.

भगवंतराव : नको. माहं मले करू दे. उशीर लागते एका हातानं. तुह्यावानी तरना नाही मी.

प्रज्वल : पाया पडायचं राहिलं, बाबा.

भगवंतराव : पड मंग तथूनच. दारातून.

प्रज्वल : पडलो.

भगवंतराव : साजरा राह्य. जेवत जाय येळेवर.

प्रज्वल : तुम्ही जेवाल ना?

भगवंतराव : काल रातच्याले जेवलो. पाह्यलं ना तू. सकाळी उजव्यानं केलं होतं सारं, अन् त्याच हातानं खिचडी खाल्ली. येळ लागला. पन ताट पुरं केलं.

प्रज्वल : हो. बघितलं मी.

भगवंतराव : मंग आता कायले उभा हायेस?

प्रज्वल : तुम्ही घसरलात तर, म्हणून. बाहेर येईपर्यंत थांबतो. गाडीवाला थांबेल.

भगवंतराव : प्रतीक्षा कुठी हाये?

प्रज्वल : इथेच, ओसरीवर.

भगवंतराव : मंग तू जाय. कडी नाही लावली म्या.