गोकुळचं पान

मासवडीच्या कापात बेसनाचा पिवळा थर नखाएवढाच जाड होता. बाकी सगळं तीळ-खोबऱ्याचं काळपट सारण. आळेफाट्याच्या शाकाहारी हॉटेलात माझ्या शेजारच्या टेबलावर डिंभे धरणाकडचं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बाईंनी आपल्या ताटातले काप नवऱ्याच्या ताटात ठेवले.

"आगं, एक तरी खा की."

"नगं. गोकुळ घरी आल्याबिगर मासवडीला हात लावायची न्हाई मी."

"सहा वर्सं झाली, बायडे."

"धरणात त्याची नुस्ती व्हडी घावली. माझं पोरगं कुठं घावलं?"

"मग येक फोन करायला काय झालं त्याला?"

"तुमच्यावर रुसलं आसंल. लई बोलायचा तुमी त्याला."

"बोलायचो खरा. पर पित्रं आली की आज्या-पणज्याचं पान वाढतो आन् ह्याचं वाढत न्हाई. घास गळ्याखाली उतरत न्हाई माझ्या."

"जित्या माणसाचं पान वाढत्यात व्हय?"

म्हाताऱ्यानं ताटातला काप बोटानं बाजूला सारला.

"आन् तुमी रोज संध्याकाळी धरणावर काय करता वो? लोकं मला इचारत्यात."

"बसतो. बोलतो त्याच्याशी."

"काय बोलता?"

"जेवला का, म्हनतो."

"आन्?"

"पानी काय बोलतंय व्हय?"

बाईंनी नवऱ्याच्या ताटातला एक काप उचलला, पाहिला आणि परत ठेवला.

"आवं."

"काय?"

"पोराला उपाशी नगं ठिवायला. यंदा पित्रात वाढा त्याचं पान. मासवडी मी करते."