गुणी बाळ

मावशी : सुई? या एवढ्याशा टाचेला? अहो सिस्टर, जगात येऊन दोन दिवस नाही झाले तिला!

सिस्टर : आम्ही सगळ्याच बाळांचं घेतो, मावशी. चार थेंब जाड कागदावर टिपायचे आणि तपासायला पाठवायचे.

मावशी : तपासायचं काय त्यात? हातापायाची बोटं मी मोजलीत. नाक आजोबांवर गेलंय, त्याला इलाज नाही.

भाची : मावशी, करू दे ना त्यांना.

मावशी : तू गप गं. परवा आई झालीस, लगेच मला शिकव. किती गुणी आहे बघा, हूं की चूं नाही. कशाला रडवायचं? आमचा धाकटा भाऊ अस्साच होता. भूक लागली तरी रडायचा नाही. अख्खी गल्ली म्हणायची, आईनं नशीब काढलं.

भाची : मामासारखा खेळगडी मला पुन्हा नाही मिळाला, सिस्टर. लपंडावात रोज त्याच दाराआड लपायचा.

मावशी : खाली पाय दिसायचे, तरी आम्ही घरभर "कुठे गेला, कुठे गेला" करत हिंडायचो! सापडला की टाळ्या तोच वाजवायचा. चाळिशी आली तरी.

सिस्टर : चाळिशी?

मावशी : उंची माझ्या खांद्याखाली. चालायला उशिरा लागला, बोलायला त्याहून उशिरा. पण मनानं सोनं हो. बुटाची नाडी मीच बांधायची. मला बघायला आलेल्या एकाला विचारलं, दोघांना नेशील का? चहा टाकून पळाला मेला.

सिस्टर : भावाचा आवाज घोगरा होता का? जीभ जरा बाहेर?

मावशी : तुम्ही कुठे पाहिलंत त्याला?

सिस्टर : नाही पाहिलं. म्हणून त्यांना हेच होतं, असं छातीठोक नाही सांगणार. पण गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. ती जन्मतःच मंद असली, तर काही बाळं अशीच शांत असतात. वरून कळत नाही, आणि आत मेंदूची वाढ मागे पडते.

भाची : आणि वेळेत कळलं तर?

सिस्टर : रोज एक छोटी गोळी. मग बाळ चारचौघांसारखं वाढतं, शाळेत जातं, भांडतं. बहुतेकांचं काहीच निघत नाही. पण ते रक्तातूनच कळतं.

मावशी : एक गोळी.

सिस्टर : तेव्हा ही तपासणीच नव्हती, मावशी. तुमच्या आईला कोण सांगणार होतं?

मावशी : आई पाळण्याशी बसून हसायची हो. म्हणायची, एक तरी पोर मला त्रास न देणारं झालं.

भाची : मावशी...

मावशी : काही नाही. दे तिला इकडे. पाय कसा धरू?

सिस्टर : टाच तळहातात घ्या. ऊब मिळाली की रक्त लवकर येतं.

मावशी : त्याचे पाय कायम गार असायचे. असेच चोळत बसायची मी. हं, घ्या.

(बाळ कळवळून रडू लागते.)

भाची : मावशी, झालं बघ. आता गप्प कर ना तिला!

मावशी : थांब जरा. ऐकू दे.